हरभऱ्याची आंब: ती कुठून येते आणि कापडावर कशी धरायची

डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी, ऊन चढायच्या आत, हरभऱ्याच्या रानातून एक चक्कर मारा. पोटऱ्या चुणचुणायला लागतात, कुठं खरचटलेलं असलं तर तिथं झोंबतं, आणि ओल्या पाल्यावरून फिरवलेलं बोट चाटलं तर अशी धारदार आंबट चव लागते की एक डोळा आपोआप मिटतो. जुनी माणसं चांगलं धोतर नेसून सकाळच्या हरभऱ्यात शिरत नसत. कापड लवकर विरतं, चपलेचं कातडं कडक पडतं. ही सगळी करामत आंबेची, म्हणजे हरभऱ्याच्या पाल्यावर पाझरणाऱ्या आंबट रसाची.

सोलापूर शहरात वाढलेल्यांना हरभरा माहीत असतो तो मंडईतल्या डहाळ्यांच्या जुडीतून, नाहीतर किराणा दुकानातल्या डाळीतून. आंब मधल्या मध्ये विसरली गेली. आजीच्या पिढीत मात्र फडताळात आंबेची बाटली असायची, आणि पोट दुखलं की तीच आधी खाली उतरायची. ती बाटली पुन्हा भरावी असं वाटणाऱ्या, पण शेताशी फारसा संबंध नसलेल्या माणसासाठी हे लिहितोय. कापड आणि दहिवर, म्हणजे रात्री पडणारं दव, एवढ्यावर काम भागतं. अवघड आहे ते योग्य रान मिळवणं, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे.

लव आणि तिच्या टोकाचा थेंब

झाडांच्या अंगावर बारीक लव असते. शास्त्रात तिला ट्रायकोम म्हणतात. काही ट्रायकोम म्हणजे नुसते केस: पानावरचा वारा अडवतात, ऊन परतवतात, बारक्या किडीला चालू देत नाहीत. काहींच्या टोकाला मात्र ग्रंथी असते. काडीपेटीतल्या काडीसारखी त्यांची ठेवण, खाली दांडा आणि वर गुल. या गुलातल्या पेशी काही ना काही पदार्थ तयार करून बाहेर सोडत असतात.

सोलापूरकरांनी ट्रायकोम पाहिला नाही असं होणारच नाही. कापसाचा तंतू हा सरकीच्या सालीवरचा, एकाच पेशीपासून लांब वाढलेला केस आहे. तोही ट्रायकोमच, फक्त ग्रंथी नसलेला. आपली चादर आणि आपला टॉवेल हे सगळं वनस्पतीच्या केसांचं विणकाम. आणि पुढं बघाल, हरभऱ्याच्या केसावरची आंब टिपायला आपण कापसाच्याच केसांचं कापड वापरणार आहोत.

हरभऱ्याचं खोड, पान, देठ, घाट्याचं टरफल, सगळ्यावर ही लव दाट असते. पाकळ्या तेवढ्या मोकळ्या. ग्रंथीच्या टोकाला जो थेंब बसतो त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही दोन आम्लं असतात, जोडीला थोडं सायट्रिक. मॅलिक म्हणजे कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देणारं, ऑक्झॅलिक म्हणजे पालकात आणि चुक्यात असतं ते. झाड हा थेंब आपल्यासाठी अर्थातच तयार करत नाही. घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीच्या बंदोबस्ताचा तो एक भाग आहे. आपल्या हैदराबाद रोडनं सरळ गेलं की हैदराबादच्या अलीकडं पटनचेरू लागतं. तिथल्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या 1995 साली प्रसिद्ध झालेल्या कामात, पानावरच्या या ऑक्झॅलिक आम्लामुळं घाटेअळीची वाढ खुंटते असं दाखवलेलं आहे. तरी अळी हरभऱ्यावर पडतेच, आणि जोरात पडते, हे कुठलाही शेतकरी सांगेल. आंबेनं तिचा त्रास कमी होतो, संपत नाही.

ग्रंथीत काय आहे, त्यावर काढायची रीत ठरते

तुळस आणि पुदिन्याच्या पानांवरही ग्रंथी असतात. पान चुरगळलं की येणारा वास त्या ग्रंथी फुटल्याचा. पण त्यांच्यातला पदार्थ म्हणजे उडून जाणारं तेल. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून तिथं कापड अंथरून काही हाती लागत नाही. पाण्याच्या वाफेबरोबर ते तेल वर न्यावं लागतं आणि वाफ थंड करून वेगळं करावं लागतं. गवती चहात तर तेल पानाच्या आतल्या पेशींमध्ये असतं, केसांवर नसतंच.

तिसरा प्रकार राळेचा. ट्रायकोम हा शब्द इंटरनेटवर शोधला की बहुतेक पानं गांजाचीच समोर येतात, म्हणून त्याबद्दल इथंच सांगून टाकतो. गांजाच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यात देठ असलेल्या ग्रंथी दाटीनं असतात आणि त्यांच्यात चिकट राळ साठते. ही राळ ना पाण्यात विरघळते, ना सहजासहजी वाफेबरोबर उडते. ती वेगळी केली की तिला चरस म्हणतात. 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात चरसची व्याख्याच ‘वेगळी केलेली राळ’ अशी आहे, कच्ची असो की शुद्ध केलेली, आणि हॅशिश ऑइल म्हणून ओळखलं जाणारं तेलही त्यातच धरलेलं आहे. ती काढणं, जवळ ठेवणं, विकणं, सगळे गुन्हे, कलम 20 खाली. त्यामुळं त्या वाटेनं जायचा प्रश्न नाही आणि त्याची रीत इथं मिळणार नाही. ग्रंथी बघायची हौस असेल तर तुळशीचं पान घ्या, हरभरा घ्या, टोमॅटोचा देठ घ्या. भिंगाखाली तेवढीच मजा येते.

हरभऱ्याचा थेंब पाण्यात विरघळणारा आहे आणि ग्रंथीच्या बाहेर, उघड्यावर बसलेला आहे. म्हणून दहिवर पुरतं. रात्री पानावर पाणी जमतं, त्यात आंब उतरते, आणि ते पाणी कापड पितं. सगळी रीत एवढीच.

आधी भिंगातून बघा

ही पायरी गाळली तरी आंब मिळेल, पण गाळू नका. एकदा थेंब डोळ्यांनी दिसला की पुढची प्रत्येक काळजी कशासाठी घ्यायची ते कुणी सांगावं लागत नाही.

सराफाकडं असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरेसं आहे. मोबाइलला चिमट्यानं लावायची मॅक्रो काचही चालते. आणखी आत शिरायचं असेल तर कागदाची घडी घालून तयार होणारा फोल्डस्कोप मागवा. स्टॅनफर्डमधल्या मनु प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत तो तयार झाला आणि साधारण 140 पट मोठं दाखवतो.

बघायची वेळ सकाळची नको. दहिवर असताना सगळंच चकाकतं आणि पाणी कुठलं, आंब कुठली कळत नाही. दहा-अकरा वाजता, पाला कोरडा झाल्यावर कोवळा शेंडा खुडा आणि उन्हाच्या विरुद्ध धरा, म्हणजे उजेड पानाच्या मागून येईल. कडेनं बघितलं की देठावर उभे केस दिसतील, आणि त्यातल्या कित्येकांच्या टोकाला काचेचा मणी बसवावा तसा गोल, स्वच्छ थेंब. ऊन चांगलं तापलं तरी तो थेंब तिथंच असतो. भिंगाची कड चुकून लागली तर तो पसरून चिकटतो, आणि ते बोट पुढं डोळ्याला लावू नका.

आता तेच शेजारच्या रानातल्या, नुकतंच तुषारनं पाणी दिलेल्या हरभऱ्याच्या शेंड्यावर बघा. थेंब बारीक, विरळ. फरक दिसला ना? पुढच्या भागातली निम्मी अक्कल यातच आहे.

रान निवडणं

सोलापूर हा मुळात रब्बीचा जिल्हा. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, बार्शी, कुठंही काळ्या रानात ज्वारीशेजारी हरभरा सापडतो. हरभऱ्याची टंचाई नाही. टंचाई आहे ती औषध न मारलेल्या हरभऱ्याची.

हा मुद्दा जरा थांबून समजून घ्या. आंब पानाच्या आत नसते, वर असते. फवारणीचं औषधही पानाच्या वरच बसतं. घाटेअळीसाठी फुलोऱ्यापासून घाटे भरेपर्यंत एक-दोन फवारण्या सर्रास होतात, आणि आपला आंब गोळा करायचा काळही नेमका तोच. अशा रानात कापड अंथरलं तर सकाळी पिळून निघणाऱ्या पाण्यात आंबेबरोबर ते औषधही उतरलेलं असणार. डाळ आपण टरफल काढून, शिजवून खातो. इथं सोलायला टरफल नाही, धुवायची सोय नाही, थेट पानावरचं पाणी पोटात जाणार आहे. ‘फवारून पंधरा दिवस झाले, आता काय होतंय’ हा हिशेब घाट्यांसाठी ठीक असेल, आंबेसाठी मी तो धरत नाही. त्या हंगामात एकदाही औषध न मारलेलं रान, एवढी एकच अट.

विचारायचं कसं, तेही सांगतो. ‘तुमचा हरभरा सेंद्रिय आहे का’ असं विचारलंत तर समोरचा माणूस भिडेखातर ‘हाय की’ म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा ‘काका, यंदा अळीला काय मारलात?’ असं विचारा. मारलं असेल तर औषधाचं नाव, ते कुठल्या दुकानातून आणलं, किती पंप लागले, सगळं आपणहून सांगतील. ‘काय बी न्हाई वो, निंबोळी अर्क तेवढा’ असं उत्तर आलं तरी खायच्या आंबेसाठी ते रान सोडा. निंबोळीनं विषबाधा होईल म्हणून नव्हे, सगळी बाटली कडू होते म्हणून. तणनाशकाचीही चौकशी करा, आणि शेजारच्या रानाचीही. शेजाऱ्यानं द्राक्षाची नाहीतर डाळिंबाची बाग केली असेल तर तिथलं ब्लोअरचं फवारणीचं धुकं बांध ओळखत नाही.

सगळ्यात खात्रीचं रान म्हणजे घरच्यापुरतं पेरलेलं. पुष्कळ शेतकरी ज्वारीच्या कडेनं, विहिरीजवळ, नाहीतर वस्तीसमोर चार-सहा सरी हरभरा भाजीसाठी आणि डहाळ्यांसाठी ठेवतात. पोरंबाळं तिथून तोंडात टाकत असतात, म्हणून त्याला कुणी औषध दाखवत नाही. तेवढ्या सरी आपल्याला भरपूर होतात.

औषधाशिवाय आणखी तीन गोष्टी बघा. पहिली, पाणी. अवकाळी पाऊस झाला असेल किंवा तुषार संच फिरला असेल तर आंब धुऊन गेलेली असते. ती पुन्हा पाझरते, पण मध्ये चार-आठ कोरडे दिवस जाऊ द्या. पाटानं किंवा ठिबकनं पाणी दिलेलं रान चांगलं, पाल्याला पाणी लागत नाही आणि जमिनीत ओल असल्यानं दहिवरही बरं पडतं. दुसरी, धूळ. रस्त्याकडेचं रान नको. आणि आपल्या जिल्ह्यात तिसरी गोष्ट विसरून चालत नाही: साखर कारखान्यांचा गाळप हंगाम आणि हरभऱ्याचा फुलोरा एकाच वेळी येतात. धुराड्याची काजळी वाऱ्याच्या दिशेला लांबवर पडते. पानावर काळे ठिपके दिसले तर पुढं चला.

मालकाची परवानगी घ्या, हे सांगायला नको. पण ‘कुठं कुठं तार आहे’ हे मात्र आवर्जून विचारा. रानडुकरांसाठी बांधावर झटका मशीनची, म्हणजे विजेचा झटका देणारी, तार ओढलेली असते आणि अंधारात ती दिसत नाही.

कापड

जुनं, मऊ झालेलं, पांढरं सुती कापड. धोतराचं पान, पंचा, मलमलीचा तुकडा. नवीन कापडात खळ असते, ते पाणी नीट पीत नाही. रंगीत कापडाचा रंग आंबेत उतरू शकतो. टर्किश टॉवेल सोलापूरचा म्हणून कितीही अभिमानाचा असला तरी इथं कामाचा नाही: त्याचे फासे शेंड्यांना अडकतात, फुलं तुटतात, आणि पिऊन घेतलेलं पाणी तो सहज सोडत नाही.

कापड धुवायचं ते साध्या पाण्यात, उकळून. साबण किंवा धुण्याचा सोडा राहिला तर तो आम्ल मारतो, वर आंबेला साबणाचा वास. शेवटच्या पाण्यात थोडं लिंबू पिळून खळबळा, मग दोन वेळा नुसत्या पाण्यात. कडक उन्हात वाळवा.

कोणती रात्र

पेरणी ऑक्टोबरच्या आसपासची असेल तर डिसेंबर ते जानेवारी हा आंबेचा भर. गावाकडच्या दिनदर्शिकेत सांगायचं तर येळवशीपासून, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येपासून, संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत. येळवशीला तसंही सगळं गणगोत रानात जेवायला जमतं, भज्जी-आंबील होते. रान बघून ठेवायला, विचारपूस करायला त्याच्याइतका चांगला दिवस नाही.

रात्र निरभ्र हवी आणि वारा पडलेला हवा. आकाश मोकळं असलं की पाल्यातली उष्णता वर निघून जाते, पाला हवेपेक्षा थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. ढग असले की ते उष्णता परत खाली धाडतात, म्हणून ढगाळ रात्री दहिवर पडत नाही. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळं चांगली थंडी असूनही कापड सकाळी नुसतं दमट राहिलं असं पुष्कळदा होतं. आदल्या दिवशी सकाळी रानात बोट फिरवून बघा. त्या दिवशी पाला चिंब असेल आणि हवा पालटली नसेल तर आज रात्री अंथरायला हरकत नाही.

अंथरणं

संध्याकाळी दिवस मावळताना जा, पुरतं अंधारल्यावर नको. बूट घाला, पँट जुनी घाला. बॅटरी आणि काठी बरोबर असू द्या. रानात थंडीतही साप निघतो.

कापड दोघांनी चार टोकांनी धरून शेंड्यांवर अलगद सोडायचं. ते पाल्यावर टेकलं पाहिजे, पण त्यानं झाड वाकता कामा नये. ओढायचं नाही, दाबायचं नाही, वर दगड तर अजिबात ठेवायचे नाहीत. टोकं शेजारच्या फांद्यांच्या बेचक्यात हलकेच खोचली की पुरे. कापडाची कड मातीला लागली तर ती माती चोखते आणि सकाळी पिळलेलं पाणी गढूळ निघतं, म्हणून सरीच्या रुंदीला बसेल एवढंच कापड घ्या.

चालायचं ते सरीच्या मधून, एकामागे एक. कापडानं शेतकऱ्याचं नुकसान होत नाही, आपल्या पायांनी होतं. फुलोऱ्यातली फांदी मोडली की तिच्यावरचे घाटे गेले.

काही जण अंथरत नाहीत. पहाटे जाऊन तेच कापड ओल्या पाल्यावरून हळूहळू ओढत नेतात. काम पटकन होतं, पण कचरा, किडे, तुटलेली पानं जास्त येतात. नवख्यानं अंथरूनच सुरुवात करावी.

उचलणं आणि पिळणं

सूर्य उगवायच्या आत पोहोचा. ऊन लागलं की पाणी आधी उडतं आणि आंब कापडातच वाळून बसते. ती वाया गेली असं नाही, त्याचा उपयोग खाली सांगतो, पण त्या दिवशीची बाटली गेली.

कापड उभं उचला, झटकू नका. अळ्या, किडे, पानं हातानं वेचून टाका. मग काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यावर धरून सावकाश पिळा. भांडं ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, लोखंड यांतलं नको, आंब धातू खाते. हात नुसत्या पाण्यानं धुतलेले, अंगठ्या काढलेल्या. बोटाला चीर असेल तर दुसऱ्या कुणाला पिळायला सांगा, नाहीतर पहिल्या पिळ्यालाच कळेल. आणि हो, घरात शहाबादी फरशी असेल तर भांडं ताटात ठेवून काम करा. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. आंबेचा थेंब पडून राहिला की तिथली चकाकी जाते आणि ती नंतर घासून येत नाही.

पाणी किती निघेल ते दहिवरावर. पहिल्यांदा वाटीभर निघालं तरी उत्तम म्हणायचं. निघालेलं पाणी फिकट पिवळसर, किंचित हिरवट वासाचं असतं आणि बऱ्यापैकी पातळ असतं, कारण त्यात दहिवर जास्त, आंब कमी.

घट्ट आंब हवी असेल तर जुनी युक्ती अशी: पहिल्या रात्रीचं कापड पिळायचंच नाही. सावलीत, जाळीखाली वाळवायचं आणि संध्याकाळी तेच पुन्हा अंथरायचं. असं काही रात्री केलं की पाणी उडत जातं आणि आंब धाग्यात साठत जाते, मग शेवटच्या सकाळी एकदाच पिळायचं. मला ही रीत जास्त पसंत आहे. बाटली लहान भरते, पण थेंबाला जोर असतो. फक्त वाळवताना धुळीपासून जपा, आणि कापड ओलसर राहून कुबट वास आला तर मोह न धरता धुऊन टाका.

गाळणं, ठेवणं, पारखणं

मलमलीच्या दुहेरी घडीतून दोनदा गाळा. मग तासभर न हलवता ठेवा, खाली बारीक माती बसेल. वरचं निवळ अलगद काचेच्या बाटलीत ओता. बाटली आणि झाकण उकळत्या पाण्यातून काढून पुरतं वाळवलेलं, झाकण पत्र्याचं नको. जुनी माणसं बाटली वर्ष-वर्ष फडताळात ठेवायची. पण त्यांची आंब घट्ट असायची. आपली पातळ असेल तर ती फ्रीजमध्ये ठेवावी आणि हंगाम सरेपर्यंत संपवावी. काही दिवसांत रंग तपकिरीकडं झुकतो, त्याला घाबरायचं कारण नाही. बुरशीचा पापुद्रा धरला किंवा वास बदलला तर मात्र सरळ ओतून द्या, आणि ओतताना पुन्हा फरशी आठवा.

आंब खरंच उतरली की नुसतं दहिवर पिळून आणलं, हे बघायला लाल जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात भिजवा. त्या पाण्यात आंबेचे चार थेंब टाकले की रंग उजळ लालगुलाबी होतो. खाण्याच्या सोड्याच्या चिमटीवर थेंब टाकला तर फसफसतं. जोरात फसफसलं तर आंब दमदार. घरात लहान मुलं असतील तर ही परीक्षा त्यांच्या हातून करून घ्या, फक्त चव घेणं मोठ्यांकडं ठेवा.

विकतची बाटली कुणी दिली तर या दोन्ही परीक्षांचा काही उपयोग नाही. लिंबूफुलाच्या पाण्यानंही रंग तसाच बदलतो आणि सोडाही फसफसतो. विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या रानातून स्वतः काढलेली चमचाभर बरी.

वापर, आणि कुणी लांब राहावं

लिंबू किंवा चिंच जिथं घालता तिथं थेंबाथेंबानं घालून बघा. तुरीच्या आमटीत उतरवताना अर्धा चमचा, कांद्याच्या कोशिंबिरीत, ताकात काळ्या मिठाबरोबर. सगळ्यात फक्कड लागते ती कडक भाकरीबरोबर: शेंगा चटणीवर तेलाऐवजी दोन थेंब आंब आणि बारीक चिरलेला कांदा. हे आवडीचं काम आहे, सगळ्यांना पटेल असं नाही.

अपचन, पोटदुखी यांवर पेलाभर पाण्यात थोडी आंब हा गावोगावचा उपाय. आयुर्वेदात तिला चणकाम्ल म्हणतात. पण तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल आहे, हे डोक्यात ठेवूनच वापर करा. मुतखडा असलेल्यांनी, होऊन गेलेल्यांनी आणि किडनीचा आजार असलेल्यांनी आंब घेऊच नये. आम्लपित्त, अल्सर असेल तरी नको. लहान मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नका. बाकीच्यांनीही पाण्यात पातळ करूनच, जेवणाबरोबर, थेंब-चमच्याच्या मापात. नुसती आंब तोंडात घोळवली तर दात आंबतात आणि वरचेवर केलं तर दाताचं वरचं कवच झिजतं. दुखणं टिकून असेल तर बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडं जा.

आंब गोळा करणं जमलं नाही तर

रान मिळालं पण दहिवर पडलं नाही, किंवा रात्रीची यातायात नको असेल, तर आंब खायचा आणखी सोपा मार्ग आहे: कोवळे शेंडे खुडून आणणं. फुलोऱ्याच्या आधी शेंडे खुडले की झाडाला फुटवे जास्त येतात, म्हणून शेतकरीही आनंदानं खुडू देतो. ही भाजी आपल्याकडं न धुता करायची रीत आहे, कारण धुतली की चव पाण्याबरोबर जाते. त्यासाठीच वरची औषधाची अट इथंही तंतोतंत लागू. मंडईतून आणलेली भाजी मात्र धुवाच, तिच्यावर काय बसलंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

कच्च्या शेंड्यांचा घोळाणा करा: बारीक चिरलेला पाला, कांदा, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, मीठ, वरून कच्चं तेल. उरलेला पाला सावलीत वाळवून, चुरून बरणीत भरा. उन्हाळ्यात भाज्या महाग झाल्या की लसणाची फोडणी देऊन, डाळीचं पीठ किंवा कण्या लावून हीच भाजी होते आणि आंबटपणा बराचसा टिकलेला असतो.

जानेवारी सरता सरता घाटे भरतात, पाला पिवळा पडायला लागतो. तेव्हा कापड अंथरून फारसं काही मिळत नाही, आवरतं घ्या. कापड साध्या पाण्यात दोनदा धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून ठेवा आणि वर लिहून ठेवा कशाचं आहे ते, नाहीतर पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत त्याचं फडकं होतं.